तंबोऱ्याचा तोतया

गेल्या पावसाळ्यात नसरापूरला एका शाळेत ‘ध्वनी’ या पाठावर बोलायला गेलो होतो. पुण्याहून सातारा रस्त्याने निघाले की चेलाडीला उजव्या हाताला वेल्ह्याचा रस्ता फुटतो आणि लगेच नसरापूर लागते. मी पोहोचलो तेव्हा प्रार्थना चालू होती. टेबलावर एक लहानशी चौकोनी पेटी ठेवली होती आणि तिच्यातून तंबोरा वाजत होता. मुले बऱ्यापैकी सुरात गात होती. त्याचे श्रेय त्या पेटीला द्यायला हवे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्या पेटीवर टीका करणार आहे.

तासाला नेहमीचेच झाले. आवाजाची तीन वैशिष्ट्ये फळ्यावर लिहिली : तारता, प्रबलता आणि गुण. गुण म्हणजे ज्याच्यामुळे एकाच पट्टीत, सारख्याच जोराने वाजणारी बासरी आणि सतार आपण डोळे मिटूनही वेगवेगळी ओळखतो तो. संगीताच्या जुन्या पुस्तकांत यालाच नादाची जाती म्हणतात. हा गुण कशाने ठरतो? तर मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेचे जे अधिस्वर वाजतात, त्यांची संख्या आणि त्यांचे कमीजास्त बळ यांनी ठरतो. हे वाक्य मी विद्यार्थी म्हणून पाठ केले, पुढे शिकवले आणि त्या दिवशीही बिनदिक्कत उच्चारले.

तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, मग तंबोऱ्यातले अधिस्वर मोजून घेतले आणि तेवढ्याच बळाने एकत्र वाजवले, तर तंबोरा होईल का?”

मी म्हणालो, “हो, अगदी तसेच. त्या पेटीत तेच तर केले आहे.”

दोन्ही वाक्ये चुकीची होती. पेटीत तसे केलेले नसते, आणि केले तर तंबोरा होत नाही. हे मला परतीच्या वाटेवर उमगले, आणि नंतर संगणकावर प्रत्यक्ष करून पाहिले तेव्हा पुरते पटले. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. ते वाक्य आपण सगळेच शिकवतो, म्हणून ते या पानांवर देतो आहे.

वाक्याचा उगम मोठ्या माणसाकडे जातो. हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली स्वरसंवेदनेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पोकळ गोलांच्या साहाय्याने त्याने आवाजातले अधिस्वर एकेक करून वेगळे ऐकले, आणि विजेवर चालणारे नादकाटे एकत्र वाजवून अ, ओ यांसारखे स्वरोच्चार उलट दिशेने तयारही करून दाखवले. आधी फोड आणि मग जुळणी, हा कोणत्याही सिद्धांताचा खरा कस. म्हणून हेल्महोल्ट्झला पहिला सिंथेसायझरवाला म्हणायला हरकत नाही. पण त्याने स्वतः एक मर्यादा स्पष्ट लिहून ठेवली होती : मी फक्त स्थिर चाललेल्या सुराबद्दल बोलतो आहे, सूर सुरू होताना आणि संपताना काय होते ते बाजूला ठेवले आहे. पाठ्यपुस्तकात उतरता उतरता वाक्य राहिले, मर्यादा गळून पडली.

आणि ती बाजूला ठेवण्याजोगी नव्हती. शंभर वर्षांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाँ-क्लोद रिसे या फ्रेंच पदार्थवैज्ञानिक-संगीतकाराने ट्रम्पेटचा आवाज संगणकावर घडवायला घेतला. अधिस्वरांचे ठरीव प्रमाण घालून काही केल्या ट्रम्पेट होईना. बारकाईने मोजल्यावर १९६० च्या दशकाच्या मध्यास त्याला दिसले, की फुंकर मारल्यापासून काही शतांश सेकंदांत खालचे अधिस्वर आधी उठतात, वरचे मागून येतात, आणि आवाज चढेल तसे वरच्यांचे प्रमाण वाढत जाते. ही काळाबरोबरची हालचाल घातल्याबरोबर ट्रम्पेट झाला. म्हणजे वाद्याची ओळख अधिस्वरांच्या यादीत नसून त्या यादीच्या बदलत जाण्यात आहे.

वर्गात हे दाखवायला काही खर्च येत नाही. त्या दिवशी दुपारी शाळेतल्या एक बाई मला बनेश्वरला घेऊन गेल्या. झाडीतले हे शंकराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळचे, १७४९ चे. तिथली मोठी घंटा मात्र मुळात देवळासाठी ओतलेलीच नव्हे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिकडून आलेल्या घंटांपैकी ती एक. घंटेची जात बदलली, नादाची जाती तीच राहिली, असा विनोद मी केला. बाई हसल्या नाहीत. घंटेकडे पाहताना मला पिएर शेफर या फ्रेंच ध्वनितज्ज्ञाचा १९४८ चा प्रयोग आठवला. त्याने ध्वनिमुद्रित घंटानादातला टोल्याचा क्षण कापून टाकला आणि उरलेला भाग ऐकवला. घंटा नाहीशी झाली, उरला तो एखाद्या फुंकवाद्यासारखा सूर.

ऐतिहासिक घंटेवर प्रयोग नकोत म्हणून शाळेत परतल्यावर आम्ही तास देण्याची पितळी थाळी मोबाइलवर मुद्रित केली. ऑडॅसिटी नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात टोल्याचा पहिला पाव सेकंद पुसून टाकला आणि आवाज हळूच सुरू होईल असे केले. मुलांना न सांगता ऐकवले. कुणी बासरी म्हणाले, कुणी बाजाची पेटी, एकाने साखर कारखान्याचा भोंगा सांगितला. शाळेचा तास कुणीही सांगितला नाही, आणि दिवसातून आठ वेळा ते तोच ऐकतात! अधिस्वर जसेच्या तसे होते; गेला होता तो फक्त जन्माचा क्षण. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करावा. दहा मिनिटे पुरतात.

आता यंत्रांकडे वळू. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे आवाज घडवण्याचे सुटे भाग. एक आंदोलक अधिस्वरांनी गच्च भरलेली लहर तयार करतो, एक गाळणी त्यातले नको ते अधिस्वर काढते, एक भाग आवाज कसा उठेल, टिकेल आणि विरेल ते ठरवतो. कोणता भाग कोणाला जोडायचा ते वाजवणाऱ्याने तारा खोचून ठरवायचे. रॉबर्ट मूग याने १९६४ पासून ही यंत्रे बनवली. त्यातले एक १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने उभे केले. गीता साराभाई आणि इतर काहींनी १९७२ पर्यंत त्यावर केलेल्या रचनांच्या फिती पुढे धूळ खात पडल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आज हेच सगळे सुटे भाग संगणकाच्या पडद्यावर फुकट मिळतात. व्हीसीव्ही रॅक हे २०१७ मध्ये आलेले सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे.

पण या रचनेकडे नीट पाहा. लहर, गाळणी, चढउतार : ही आपल्या शाळेतल्या व्याख्येचीच, किंचित सुधारलेली, यंत्रमूर्ती आहे. गाळणी काळाबरोबर हलवता येते ही सुधारणा. पण सगळे अधिस्वर एकाच गाळणीच्या हुकमाने रांगेत हलतात. खऱ्या वाद्यात प्रत्येकाची चाल निराळी असते. म्हणून या यंत्राने सतारीचा आव आणला की तो ताबडतोब उघडा पडतो, आणि ते स्वतःच्याच आवाजात बोलते तेव्हा झकास वाटते. मुंबईचे चरणजित सिंग हे याचे चांगले उदाहरण. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात बसवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिला कुणी फारसे विचारले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. राग म्हणून मला ती उथळ वाटते. मींडीतला विचार तिथे नाही, नुसती घसरण आहे. पण आवाजाच्या बाबतीत ती प्रामाणिक आहे. मी सतार आहे असे ती एकदाही म्हणत नाही, म्हणून आजही शिळी वाटत नाही.

उलट उदाहरण की-बोर्डवाल्यांच्या १९९१ च्या जागतिक यादीचे. त्या यादीत १२८ वाद्ये आहेत. १०५ क्रमांकावर सतार, ११२ वर शहनाई. लग्नाच्या वरातीत ती शहनाई आपण ऐकली असेल. तिच्याविषयी काही लिहीत नाही. तंबोरा यादीत नाही, हे त्याचे नशीब.

घंटेची गोष्ट मात्र निराळी. तिचे अधिस्वर दुप्पट-तिप्पट अशा सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे ती साध्या यंत्राला अवघड जावी असे वाटते. पण स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९७३ मध्ये दाखवले, की एका आंदोलकाची वारंवारिता दुसऱ्या आंदोलकाने भराभर हलवली की असे विषम अधिस्वर आपोआप निर्माण होतात. एक २०० हर्ट्झचा, दुसरा २८० हर्ट्झचा. हलवण्याचे बळ झपाट्याने सुरू करून सावकाश उतरवत न्यायचे, की पंधरा सेकंद घुमणारी घंटा. दोन आंदोलकांत! पुढे यामाहाचा डीएक्स-७ हा १९८३ चा प्रसिद्ध की-बोर्ड याच तत्त्वावर निघाला. रॅकमध्ये मी ही घंटा दहा मिनिटांत केली आणि ती ऐकून घरचे लोक दार उघडायला उठले.

घंटेचा तोतया इतका सोपा, मग तंबोऱ्याचा का अवघड?

तारेसाठी सर्वांत सुंदर युक्ती १९८३ मध्ये केव्हिन कार्प्लस आणि अलेक्स स्ट्राँग यांनी प्रसिद्ध केली. सेकंदाला ४४,१०० आकडे अशा गतीने संगणक आवाज वाजवतो असे धरू. काळी एकचा सा सुमारे १३८.६ हर्ट्झ; म्हणजे एका कंपनाला साधारण ३१८ आकडे लागतात. तेवढे आकडे कसेही, फासे टाकल्यासारखे भरायचे. ही झाली छेडलेली तार. मग ते पुन्हापुन्हा वाजवत राहायचे, मात्र प्रत्येक फेरीत दोन शेजारच्या आकड्यांच्या जागी त्यांची सरासरी ठेवायची. बस. सरासरीमुळे तीक्ष्ण चढउतार आधी बुजतात, म्हणजे वरचे अधिस्वर लवकर मरतात आणि खालचे टिकतात. खरी तार नेमके हेच करते. शिवाय फासे दर वेळी वेगळे पडतात, त्यामुळे कोणत्याही दोन छेडी तंतोतंत सारख्या येत नाहीत. दहा ओळींचा हा प्रोग्रॅम नववीचा विद्यार्थी लिहू शकेल. मॉड्युलरमध्ये करायचे तर खरखर, विलंब, गाळणी एवढेच भाग घेऊन वर्तुळ जुळवायचे. अधिस्वरांची यादी यात कुठेही घातलेली नाही. तार कशी वागते ते सांगितले, अधिस्वर मागून आपसूक आले. हेल्महोल्ट्झच्या नंतर या विषयात एवढी आरपार दृष्टी मला दुसऱ्या कुठल्या युक्तीत दिसत नाही.

मी तिच्या चार तारा केल्या, प सा सा आणि खर्ज, आणि एकामागून एक छेडल्या. गिटार झाली. चांगली, गोड गिटार. तंबोऱ्याचा मागमूस नाही.

याचे कारण चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्येच, कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या वृत्तांतात नोंदवले होते. (आदल्याच वर्षी त्यांनी तबल्याच्या शाईचे गणित उलगडले होते.) नियम असा : तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या अधिस्वराची गाठ पडते, म्हणजे जिथे त्याची हालचाल शून्य असते, तो अधिस्वर आवाजात येत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम अधिस्वर गायब व्हायला हवेत. रामन यांना दिसले, की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे अधिस्वर नसायला हवेत ते ठणठणीत ऐकू येतात.

ते येतात कुठून? घोडीतून. गिटारची तार एका कडेवर टेकलेली असते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, तिचा माथा अगदी सौम्य गोलाई देऊन घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवलेला असतो. धागा योग्य जागी बसला की तार माथ्यावर पूर्ण टेकतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही. प्रत्येक कंपनात ती माथ्यावर हलकेच लपेटते आणि पुन्हा सुटते. तारेची लांबी एका कंपनात अशी सतत कमीजास्त होत राहते. या ठोकरींमुळे खालच्या कंपनांतली ऊर्जा वरच्यांना मिळत जाते. छेडल्यानंतर क्षणभराने काही अधिस्वर चढत येतात, आणि तार मंदावू लागली की हा उजळपणा एका अधिस्वरावरून दुसऱ्यावर सरकत जातो. खर्जातून स्वयंभू गंधार डोकावतो म्हणतात तो हा पाचवा अधिस्वर. गायकाच्या भाषेत याला जवारी म्हणतात.

कार्प्लस-स्ट्राँगच्या तारेत अधिस्वर फक्त मरतात. तंबोऱ्याच्या तारेत ते जन्मतातही. त्या मुलीने अधिस्वर मोजून घ्यायचे म्हटले होते. कोणत्या क्षणी मोजायचे, हा प्रश्न आहे.

मग मी वर्तुळात एक अट घातली : आकडा ऋण असेल, म्हणजे तार घोडीकडे झुकली असेल, तर विलंब किंचित कमी करायचा. गिटार एकदम झणझणली. तंबोरा नव्हे, पण सतारीच्या मोहल्ल्यात पोहोचलो. म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स या फ्रेंच संस्थेच्या रिंग्ज नावाच्या मॉड्यूलमध्ये तरफेच्या तारांसारखा परिणाम मिळतो, त्याचा प्रोग्रॅमही खुला आहे. तो जोडून पाहिला. आवाज देखणा झाला, खरा झाला नाही. देखणेपणा वाढवून खरेपणाची उणीव झाकण्याची ही खोड सॉफ्टवेअर वाद्यांत फार आहे, आणि बरेचसे काम ते भरपूर घुमारा घालून भागवतात. खरा प्रयत्न २०१६ चा : बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात मार्टेन व्हान वाल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी तार, धागा आणि घोडीची ठोकर यांची समीकरणे तत्काळ सोडवणारे तंबोऱ्याचे प्रतिमान मांडले. तिथे धाग्याची जागा बदलता येते. तंबोरा लावणारा बोटाने जे करतो, ते करून पाहता येते.

आता त्या पेटीविषयी. इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ मध्ये बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी बनवला. त्यानंतरच्या बऱ्याच पेट्यांत आणि मोबाइलवरच्या तंबोऱ्यांत खऱ्या तंबोऱ्याची मुद्रित छेड साठवलेली असते. ती चांगली असते, कारण ती छायाचित्र आहे. छायाचित्रात नाक बरोबर येणारच. पण जवारी त्यात गोठलेली असते. तीच छेड, तोच उजळपणा, पुन्हापुन्हा. गावोगावच्या देवळांत आरतीला विजेवर चालणारे नगारा-झांजेचे यंत्र आले आहे, त्याच्या बरोबर उलट ही गंमत आहे : त्या यंत्रात नाद अस्सल, वाजवणारा निर्जीव, पेटीत वाजवणारा खरा होता, पण एकदाच. रियाजाला, प्रवासाला, नसरापूरच्या प्रार्थनेला पेटी उत्तम आहे. माझी तक्रार एवढीच, की तिच्याकडून विज्ञान शिकता येत नाही. कार्प्लस-स्ट्राँगची फसलेली गिटार मला तंबोऱ्याबद्दल जे शिकवून गेली, ते हुबेहूब वाजणारी पेटी कधी शिकवणार नाही. फसण्यासाठी आधी काहीतरी म्हणावे लागते. पेटी काहीच म्हणत नाही.

दिवाळीनंतर मी पुन्हा नसरापूरला गेलो. बाईंनी ओळखीच्या एका घरातून जुना तंबोरा मिळवून ठेवला होता. भोपळ्याला चीर, खुंट्या सैल, पण तारा लागत होत्या. मी वर्गापुढे आधी माझे उत्तर चुकले होते असे सांगितले. मग त्या मुलीला पुढे बोलावले, खर्ज बरोबर मध्यावर छेडायला लावला आणि बाकीच्यांना कान द्यायला सांगितले. नंतर धागा काढला आणि पुन्हा तिथेच छेडायला लावले. आवाज मिटल्यासारखा झाला. शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांच्या ते लक्षात आले. मोबाइलवर दोन्ही आवाजांचे वर्णपट काढले, तेव्हा दुसऱ्या चित्रात सम अधिस्वरांच्या रेघा फिकट दिसत होत्या. अगदी नाहीशा झाल्या नव्हत्या. का नाहीत, असे तिने विचारले. घोडीचा माथा अजून रुंदच आहे म्हणून, आणि तुझे बोट नेमके मध्यावर पडले नसेल म्हणूनही, असे मी सांगितले; दोन्हींपैकी कोणते किती, ते सांगता आले नाही.

धागा परत बसवायला मात्र आम्हा दोघांनाही जमेना. अर्धा तास खटपट केली. कधी आवाज मुका, कधी नुसती खरखर. माथ्यावर वर्षानुवर्षे तारांनी खाचा पाडल्या होत्या. जवारी पुन्हा काढून घेतल्याशिवाय उपाय नाही, असे शेजारच्या भजनी मंडळातल्या एका आजोबांनी येऊन सांगितले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; तिथे ही घासकाम करणारी घराणी अजून आहेत. तंबोरा सध्या तिकडे गेला आहे. आला की मध्यापासून एकेक बोट सरकत छेडायचे आणि प्रत्येक जागेचा वर्णपट काढायचा, असे ठरले आहे. मुलीने वहीत रकाने आखून ठेवले आहेत.